निघून चाललेली उष्णता

मोटारगाडीच्या एंजिनातून मूळ रचनेपेक्षा अधिक शक्ती मिळवण्याच्या उद्योगात जी साधने वापरली जातात, त्यांत दिसायला सर्वांत साधे साधन म्हणजे बॉलपेनच्या रिफिलीएवढी जाड, बोटभर लांब आणि टोकाशी बंद केलेली एक पोलादी कांडी होय. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधून बाहेर पडणारे जळके वायू एकत्र करून पुढे नेणारी ओतीव लोखंडाची किंवा वाकवलेल्या नळ्यांची जुळणी, तिच्या भिंतीला एक छिद्र पाडून, त्यात आटे कापून ही कांडी अशी बसवलेली असते की तिचे टोक वाहत्या वायूच्या मधोमध यावे. छिद्र पाडण्याचे काम किरकोळ वाटले तरी जाणता कारागीर त्यासाठी मॅनिफोल्ड एंजिनावरून उतरवून घेतो, कारण छिद्रातून आत पडलेला लोखंडाचा कीस पुढे टर्बोचार्जरच्या, म्हणजे जाणाऱ्या वायूंच्या जोरावर फिरून एंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंपाच्या, पात्यांवर जाऊन आदळण्याचा धोका असतो, आणि ती पाती मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेत असतात. नवी असताना ही कांडी आरशासारखी लखलखते. काही दिवसांतच ती निळसर पडते, मग पिंगट होते, आणि अखेरीस तिला राखेचा तो करडा रंग चढतो जो चुलीत वर्षानुवर्षे राहिलेल्या फुंकणीच्या टोकालाही असतो.

कांडीच्या पोटात दोन बारीक तारा असतात, एक निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूची, दुसरी निकेलमध्ये थोडे अ‍ॅल्युमिनियम, मँगॅनीज आणि सिलिकॉन घातलेली, आणि या दोन तारांची टोके एकमेकींना जोडलेली असतात. एवढ्या जोडणीतून तापमान कसे कळते, याची कथा टॉमस योहान सीबेक या शास्त्रज्ञापाशी सुरू होते. 1821 मध्ये बर्लिन येथे त्याला असे आढळले की दोन वेगळ्या धातूंचे वेटोळे करून त्याचा एक सांधा तापवला आणि दुसरा थंड ठेवला तर जवळ ठेवलेली होकायंत्राची सुई हलते. सुई हलली म्हणून त्याने हा चुंबकत्वाचा प्रकार मानला, आणि पृथ्वीचे चुंबकत्वही विषुववृत्त व ध्रुव यांच्या तापमानांतील फरकातून उपजत असावे, असा त्याचा कयास होता. वेटोळ्यातून प्रत्यक्षात विद्युत् प्रवाह वाहत होता आणि सुई त्या प्रवाहामुळे हलत होती, हे ओर्स्टेड या शास्त्रज्ञाने ओळखले व या घटनेला औष्णिक विद्युत् असे नाव दिले. निरीक्षण अचूक असूनही त्याचा अर्थ चुकू शकतो, ही गोष्ट या उपकरणाच्या जन्माशीच जोडलेली आहे, आणि पुढे मोटारीच्या एंजिनावर त्याचा वापर करणाऱ्यांच्या वाट्यालाही ती वारंवार आली आहे.

या जोडीला थर्मोकपल किंवा तपयुग्म म्हणतात. तिच्यातून निघणारा विद्युत् दाब अगदी नगण्य असतो: तापमानाच्या प्रत्येक अंशामागे साधारण 41 मायक्रोव्होल्ट, म्हणजे वायू 900 अंश सेल्सिअसला पोहोचले तरी सुमारे 37 मिलिव्होल्ट. टॉर्चमध्ये घालण्याच्या एका साध्या सेलच्या चाळिसाव्या भागाएवढा हा दाब तारांमधून डॅशबोर्डपर्यंत येतो आणि तिथे त्याचा आकडा होतो. त्या आकड्यामागे हजार अंशांच्या आसपासची आग आहे आणि ती जेमतेम हातभर अंतरावर, एका लोखंडी भिंतीपलीकडे धावते आहे, हे आकड्याकडे पाहून जाणवत नाही.

आता हा आकडा नेमके काय सांगतो, याचा विचार करू लागले की वस्तूचा साधेपणा संपतो. पेट्रोल एंजिनाच्या सिलिंडरमध्ये ज्वलन ऐन भरात असते तेव्हा तापमान 2000 अंशांच्याही वर जाते. दट्ट्या खाली ढकलला जाऊ लागला की वायू प्रसरण पावतो, काम करतो आणि निवत जातो. मग एक्झॉस्टची झडप उघडते आणि उरलेली उष्णता घेऊन तो बाहेर पडतो. कांडीला भेटतो तो हा काम आटोपून निघालेला वायू. इंधनात जेवढी उष्णता असते तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाकांपर्यंत पोहोचणाऱ्या कामाच्या रूपाने हाती लागतो, एक तृतीयांश एंजिन थंड ठेवणारे पाणी घेऊन जाते, आणि उरलेला जवळपास सगळा या वाटेने निघून जातो. म्हणजे डॅशबोर्डवरचा आकडा हा एका अर्थाने हातातून निसटलेल्या उष्णतेचा हिशेब असतो, आणि त्या निसटलेल्यावरून आत काय घडले असेल याचा अंदाज बांधावा लागतो.

शिवाय तो आकडा सरासरीचा असतो. चार स्ट्रोकच्या एंजिनात एक्झॉस्टची झडप एकूण चक्राच्या साधारण तृतीयांश काळच उघडी असते, त्यामुळे वायू धारेसारखा वाहत येत नाही, तो झटक्याझटक्याने येतो, आणि दोन झटक्यांच्या मध्ये कांडी जरा निवते. तिचे टोक जाड असले तर ती हळू तापते आणि हळू निवते. बारीक असले तर चटकन प्रतिसाद देते, पण लवकर झिजते आणि एखाद्या दिवशी तुटून टर्बोच्या पात्यांत जाण्याची भीती असते. कांडी कुठे बसवली आहे यावरही बरेच अवलंबून असते. सिलिंडरच्या तोंडापासून एकदोन इंचांवर बसवली तर त्या एका सिलिंडरचे तापमान कळते. सगळ्या नळ्या जिथे मिळतात तिथे बसवली तर सर्वांचे मिळून एक कळते. आणि टर्बोच्या पलीकडे बसवली तर आकडा शंभर अंशांनी किंवा त्याहूनही अधिक उतरलेला दिसतो, कारण टर्बाइन फिरवताना वायूने आपली बरीच उष्णता खर्च केलेली असते. त्यामुळे दोन गाड्यांचे आकडे शेजारीशेजारी ठेवून तुलना करण्याला, त्यांच्या कांड्या कुठे आहेत हे ठाऊक नसेल, तर फारसा अर्थ उरत नाही.

या आकड्यावर जिचा सर्वांत उघड परिणाम होतो ती गोष्ट म्हणजे हवा आणि इंधन यांचे मिश्रण. एक भाग पेट्रोल पूर्ण जाळण्यासाठी वजनाने सुमारे 14.7 भाग हवा लागते, आणि या प्रमाणाच्या आसपास बाहेर पडणाऱ्या वायूचे तापमान सर्वांत वर जाते. इंधन याहून वाढवले, म्हणजे कारागिरांच्या भाषेत मिश्रण रिच केले, तर जळायला प्राणवायू न मिळालेले जादा इंधन उष्णता शोषून घेते आणि तापमान उतरते; इंधन कमी केले, म्हणजे मिश्रण लीन केले, तर जादा हवा तापवण्यात उष्णता वाटली जाते आणि तापमान पुन्हा उतरतेच. कागदावर आलेख काढला तर डोंगराचे चित्र तयार होते, मध्ये माथा आणि दोन्ही अंगांना उतार. अडचण अशी की 850 हा आकडा या उताराचाही असू शकतो आणि त्या उताराचाही, आणि आपण डोंगराच्या कोणत्या अंगाला उभे आहोत हे केवळ उंचीवरून सांगता येत नाही. टर्बो असलेल्या पेट्रोल एंजिनाला पूर्ण जोर लावताना जाणकार माणूस रिच अंगालाच राहतो, साधारण साडेअकरा ते साडेबारा भाग हवेला एक भाग पेट्रोल या पट्ट्यात, कारण लीन अंगाला पोहोचायचे तर माथा ओलांडून जावे लागते आणि पूर्ण भाराखाली त्या माथ्यावर क्षणभर रेंगाळणेही महागात पडते.

विमानांच्या दट्ट्याच्या एंजिनांत मात्र वैमानिक ही दोन्ही अंगे जाणूनबुजून वापरत आले आहेत. लहान विमानांत आजही मिश्रणाचा दांडा हळूहळू मागे ओढत एक्झॉस्टचे तापमान माथ्यापर्यंत चढताना पाहायचे आणि मग एखादी बाजू निवडायची, हा उड्डाणातील नेहमीचा विधी आहे. 1944 मध्ये ख्यातनाम वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग न्यू गिनीच्या आघाडीवर पी-38 विमाने उडवणाऱ्या तरुण वैमानिकांना एंजिनाचे फेरे कमी ठेवून, मिश्रण पातळ, म्हणजे लीन, करून त्याच टाकीत कितीतरी दूर जाण्याची रीत शिकवत होता, तेव्हा त्या वैमानिकांना एंजिने जळून जातील अशी धास्ती वाटत होती. एंजिने जळाली नाहीत. भार किती आहे यावर सगळे ठरते, हे त्या अनुभवात होते. पण ‘पातळ मिश्रण म्हणजे जळके एंजिन’ ही समजूत गॅरेजांतून अजूनही पूर्णपणे गेलेली नाही.

डिझेलचा न्याय याहून अगदी निराळा असल्याने घोटाळा आणखी वाढतो. डिझेल एंजिन नेहमीच जादा हवेत चालते, म्हणजे ते कायम डोंगराच्या लीन अंगालाच असते, आणि तिथे इंधन वाढवले की तापमान चढते. पेट्रोलवर हात बसलेला कारागीर डिझेल गाडीला थंडावा देण्यासाठी इंधन वाढवू लागला तर तो आगीतच तेल ओतत असतो. काळा धूर, चढलेला आकडा आणि घट्ट झालेले एंजिन ऑइल हे त्याचे फळ. डिझेलमध्ये 700 अंशांच्या वर फार वेळ राहू नये, असा संकेत या कामातील लोक पाळतात, तर टर्बो असलेल्या पेट्रोल एंजिनात 900 ते 950 अंश ही पूर्ण भाराखालची रोजची गोष्ट असते. दट्ट्याचा धातू मात्र दोन्हीकडे बहुतांशी अ‍ॅल्युमिनियमचाच असतो, आणि शुद्ध अ‍ॅल्युमिनियम 660 अंशांना वितळते. दट्ट्याच्या माथ्यावर त्याच्या वितळणबिंदूच्या तिप्पट तापमानाची ज्योत नाचत असताना तो टिकतो, याचे कारण प्रत्येक ज्योत क्षणार्धात विझते, मध्ये थंड हवा येते, आणि धातूला चिकटून वायूचा एक पातळ, तुलनेने निवलेला थर राहतो. हा थर कुणाला दिसत नाही आणि कुठल्या कांडीने मोजलाही जात नाही, पण सगळे एंजिन त्याच्या भरवशावर उभे असते.

या थराचे महत्त्व कळते ते प्रज्वलनाच्या वेळेपाशी आल्यावर. ठिणगी दट्ट्या वर पोहोचण्याच्या किंचित आधी पडावी लागते, कारण ज्योत पसरायला वेळ लागतो. ठिणगी उशिरा पाडली, म्हणजे टायमिंग मागे घेतले, तर दट्ट्या खाली निघाला तरी ज्वलन चालूच राहते, वायूला काम करायला पुरेसे अंतर मिळत नाही, आणि न वापरलेली उष्णता तशीच बाहेर पडून एक्झॉस्टचे तापमान वाढते. ठिणगी लवकर पाडली तर ज्वलन वेळेत आटोपते, काम जास्त होते, बाहेरचा वायू थंड येतो. इथपर्यंत हे सगळे सुखाचे आहे: शक्ती वाढते आहे, आकडा उतरतो आहे. पण ठिणगी आणखी लवकर पाडत गेले की एका टप्प्यावर सिलिंडरच्या कोपऱ्यात अजून न जळलेले मिश्रण दाब आणि उष्णता यांनी आपोआप, एकदम पेट घेते. यालाच नॉकिंग म्हणतात. पत्र्याच्या डब्यात गोट्या हलवल्यासारखा त्याचा आवाज येतो. त्यातून उठणाऱ्या दाबाच्या लाटा धातूला चिकटलेला तो राखणदार थर खरवडून काढतात, आणि ज्वाळेची उष्णता थेट दट्ट्यात आणि सिलिंडरच्या भिंतीत शिरू लागते. जी उष्णता भिंतीत गेली ती अर्थातच एक्झॉस्टमधून बाहेर पडत नाही. म्हणून एंजिन आतून जळत असते त्याच वेळी कांडीवरचा आकडा खाली येतो.

या घटनेशी विचार थबकतो. भारतीय न्यायशास्त्रात अनुमानाचे जे उदाहरण पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले ते डोंगरावरील धुराचे आहे: डोंगरावर धूर दिसतो, स्वयंपाकघरात धुरासोबत अग्नी पाहिलेला आहे, म्हणून डोंगरावर अग्नी आहे. धूर हा हेतू, अग्नी हे साध्य, आणि जिथे धूर तिथे अग्नी हा अखंड संबंध म्हणजे व्याप्ती. नैयायिकांनी त्याच श्वासात सावधही केले आहे की हे वाक्य उलटे फिरवता येत नाही. जिथे अग्नी तिथे धूर असे म्हणता येत नाही, कारण लालबुंद तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो. उलटे वाक्य काही ठिकाणी खरे ठरते ते सरपण ओले असल्यामुळे, आणि ओल्या सरपणाचा हा संयोग म्हणजे उपाधी, अनुमानात गुपचूप शिरलेली आणि ते बिघडवणारी अट. एक्झॉस्टच्या तापमानावर काम करणाऱ्याची सगळी विद्या या उपाधी ओळखण्यात आहे. ‘तापमान उतरले, म्हणून एंजिन सुरक्षित’ या अनुमानात ‘ज्वलन सुरळीत चालू आहे’ ही अट लपलेली असते, आणि ती अट सुटली की तोच उतरलेला आकडा नाशाचे लक्षण होतो. तर्कशास्त्राच्या जुन्या ग्रंथांतील हेत्वाभास, म्हणजे हेतूसारखा भासणारा पण हेतू नसलेला पुरावा, इथे तापलेल्या लोखंडावर बसलेला दिसतो. म्हणूनच जाणता ट्यूनर कधीही एकट्या कांडीवर विसंबत नाही. तो मिश्रण मोजणारा लॅम्डा सेन्सर, एंजिनाच्या अंगातील कंप ऐकणारा नॉक सेन्सर आणि एक्झॉस्टची कांडी या तिघांना एकत्र बोलू देतो, आणि तिघांच्या बोलण्यात विसंगती आली की एंजिन थांबवतो.

प्रत्यक्ष काम डायनोवर, म्हणजे गाडीची चाके जड रुळांवर फिरवून तिची शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर, चालते. गाडी पट्ट्यांनी जखडलेली असते, समोर पंखा घोंघावत असतो, चौथ्या किंवा पाचव्या गिअरमध्ये एंजिन अडीच हजार फेऱ्यांवर स्थिर केले जाते आणि मग अ‍ॅक्सिलरेटर तळाशी दाबला जातो. पहिली दोनतीन सेकंदे आकडा जागचा हलत नाही. मग 600, 680, 750 असा तो चढू लागतो, फेरे सात हजारांना पोहोचतात तेव्हा तो 860 वर असतो, पाय उचलला जातो, आणि फेरे उतरायला लागल्यावरही तो आणखी दहावीस अंश वर जाऊनच मग खाली वळतो. हा शेवटचा चढ पाहण्यासारखा असतो, कारण त्यातून कळते की कांडी घटनेच्या मागे मागे येते आहे. दहाबारा सेकंदांच्या या धावेत लोखंड पुरते तापलेलेच नसते. तीच गाडी ट्रॅकवर वीस मिनिटे पळवली, किंवा भर उन्हाळ्यात एखाद्या लांब घाटात जोराने चढवली, तर डायनोवर 860 दाखवणारा आकडा 950 ओलांडून जाऊ शकतो. गाडीत काहीही बदललेले नसते, फक्त धातूला तापायला वेळ मिळालेला असतो.

अशा वेळी बॉनेट उघडे असले आणि खोलीत अंधार असला तर मॅनिफोल्ड स्वतःच आपले तापमान सांगू लागते. 1847 मध्ये जॉन विल्यम ड्रेपर याने दाखवून दिले की बहुतेक सगळे घन पदार्थ साधारण 525 अंशांना अंधारात मंद लाल दिसू लागतात. त्यापुढे 750 च्या आसपास पिकलेल्या चेरीसारखा लाल, 900 च्या वर केशरी, हजाराच्या पुढे पिवळेपणाकडे झुकणारा, असा रंग बदलत जातो. लोहाराला ही भाषा कुठल्याही तारेवाचून येत होती. भाता मारताना तो लोखंडाचा रंग पाहत असे आणि नेमका रंग आला की ते ऐरणीवर घेत असे, म्हणूनच जुन्या लोहारशाळा अंधाऱ्या ठेवलेल्या असत. इंग्लंडमध्ये जोसाया वेजवुड या कुंभारकाम करणाऱ्या उद्योजकाने 1782 मध्ये भट्टीचे तापमान मोजायला मातीच्या लहान तुकड्यांचे आकुंचन वापरले, तेव्हा त्यालाही भट्टीवाल्यांच्या नजरेतील हे ज्ञान आकड्यांत उतरवायचे होते. आकड्याने अचूकपणा आणला हे खरेच, पण अंधारात केशरी उजळलेल्या मॅनिफोल्डकडे पाहताना जी भीती आणि जो आदर वाटतो, तो 940 या आकड्यातून येत नाही. न्यायशास्त्रातील तो धूरहीन लोखंडी गोळा अशा वेळी साक्षात समोर असतो.

प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कांडी बसवणे खर्चाचे काम आहे, तरी गंभीर कामात ते केले जाते, कारण चार सिलिंडरांची सरासरी शांत असताना त्यांतला एक जण पोळत असू शकतो. हवेची वाट एकाला सरळ आणि दुसऱ्याला वळणाची असते, एखादा इंजेक्टर किंचित चोंदलेला असतो, पाणी शेवटच्या सिलिंडरपर्यंत पोहोचेतो गरम झालेले असते. जहाजांवरील मोठ्या एंजिनांच्या देखभालीत ही शिस्त फार जुनी आहे. तिथे दर पाळीला प्रत्येक सिलिंडरचे एक्झॉस्ट तापमान नोंदवहीत लिहिले जाते, आणि एखाद्याचा आकडा इतरांपासून फटकून वागू लागला की त्याची चौकशी होते. ती वही चाळली तर एखाद्या सिलिंडरचा आकडा आठवड्याला पाचसात अंशांनी सरकत गेलेला दिसतो, आणि ते सरकणे थांबवण्यासाठी कुणीतरी समुद्राच्या मध्यावर इंजेक्टर बदललेला असतो. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील कितीतरी घरांत या वह्या भरलेले हात आहेत.

दोन स्ट्रोकच्या एंजिनात हेच तापमान आणखी एक वेगळे काम करते, आणि ते इतके सुंदर आहे की विषय सोडून थोडे तिकडे वळावेसे वाटते. अशा एंजिनाचे फुगीर सायलेन्सर, ज्याला एक्स्पान्शन चेंबर म्हणतात, ते मुळात ध्वनीचे यंत्र आहे: बाहेर पडलेली दाबाची लाट त्याच्या निमुळत्या टोकावर आपटून परत येते आणि निसटू पाहणारे ताजे मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. पूर्व जर्मनीतील त्शोपाउ येथे वॉल्टर काडेन याने एमझेड कंपनीच्या शर्यतीच्या मोटारसायकलींवर ही विद्या पूर्णत्वास नेली आणि 1961 च्या सुमारास 125 सीसीच्या एंजिनातून 25 अश्वशक्ती काढली. लाट परत यायला किती वेळ लागेल हे ध्वनीच्या वेगावर ठरते, आणि तो वेग तापमानावर; साध्या हवेत सेकंदाला सुमारे 340 मीटर असणारा ध्वनी तापलेल्या एक्झॉस्टमध्ये 500 मीटरच्याही पुढे जातो. म्हणजे वायू तापला की नळी जणू आखूड होते. शर्यतीच्या दोन स्ट्रोक एंजिनात वरच्या फेऱ्यांना ठिणगी मुद्दाम उशिरा पाडून नळी तापवतात, त्यामुळे लाट लवकर परतते आणि एंजिन आणखी वर फिरत राहते. चारचाकीत जी उष्णता तोट्याची नोंद असते तीच इथे सूर लावण्याच्या कामी येते. 1985 ते 1996 या काळात भारतात बनलेल्या यामाहा आरएक्स 100 वर हात चालवणाऱ्या गॅरेजवाल्यांकडे कांडी नव्हती. ते ठिणगी पाडणारा प्लग काढून त्याच्या चिनी मातीच्या नाकाचा रंग पाहत. चॉकलेटी असेल तर ठीक, काळा आणि ओलसर असेल तर पेट्रोल जास्त, पांढरा फटक असेल तर गाडी तापते आहे.

तापमान आवरण्यासाठी जादा इंधन वापरण्याची जी रीत वर आली, ती मनाला सहज पटणारी नाही. पूर्ण भाराखाली टर्बाइन, झडपा आणि मॅनिफोल्ड वाचवण्यासाठी गाडीचे नियंत्रक संगणक कारखान्यातूनच मिश्रण रिच करतात. म्हणजे काही पेट्रोल जाळण्यासाठी जाते आणि काही निव्वळ थंडाव्यासाठी बाष्प होऊन अर्धवट जळत निघून जाते. यावर एक उपाय पाण्याचा आहे. बाष्प होताना पाणी पेट्रोलच्या सुमारे सहापट उष्णता शोषते, म्हणून 1962 च्या ओल्डस्मोबिल जेटफायरमध्ये पाणी आणि मेथेनॉल यांचे मिश्रण एंजिनात सोडण्याची सोय होती, आणि 2016 च्या बीएमडब्ल्यू एम4 जीटीएसने पाण्याचा फवारा पुन्हा आणला. दुसरा उपाय मॅनिफोल्ड थेट सिलिंडर हेडच्या ओतकामातच सामावून त्याभोवती पाणी खेळवण्याचा आहे, आणि तो आज कितीतरी लहान टर्बो एंजिनांत दिसतो. एक्झॉस्टच्या झडपेच्या पोकळ दांड्यात सोडियम भरण्याची युक्ती तर याहून जुनी. 98 अंशांना वितळणारा हा धातू दांड्यात वरखाली हिंदकळत झडपेच्या तोंडाची उष्णता तिच्या मागच्या भागाकडे नेतो. एवढी सगळी कल्पकता जी उष्णता कामाला लावता आली नाही तिची निगराणी करण्यात खर्च होते, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही, वाटूही नये.

पुण्यात वेताळ टेकडीचा जो भाग लोकांच्या बोलण्यात एआरएआय टेकडी झाला आहे, तिथे 1966 मध्ये स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेच्या आवारात एंजिनांच्या चाचण्या होतात. पहाटे फिरायला येणारी माणसे कुंपणाबाहेरून मोर ऐकत जातात, आणि त्याच टेकडीवर कुठेतरी बंद खोलीत ज्योती पेटत आणि विझत असतात, एकेका मिनिटाला हजारो वेळा. डोंगर आहे, अग्नी आहे. धूर मात्र नळ्यांतून, गाळण्यांतून आणि मापकांतून गेल्याने डोळ्यांना दिसत नाही. नैयायिकाला इथे अनुमान करायला काय हाती लागले असते, हा प्रश्न त्या वाटेवरून चालताना पडावा असाच आहे.

डायनोवरचे काम संपते तेव्हा एंजिन लगेच बंद करत नाहीत. ते काही मिनिटे संथ फिरू देतात, म्हणजे टर्बोच्या तापलेल्या धुरीभोवती तेल वाहत राहते आणि जळून कोळसा होत नाही. आकडा 500, 430, 380 असा उतरतो. मग किल्ली फिरते, पंखा थांबतो, आणि खोलीत आकुंचन पावणाऱ्या लोखंडाचे टिक्‌ टिक्‌ आवाज ऐकू येऊ लागतात, आधी भराभर, मग अंतराअंतराने. वायूचा प्रवाह थांबलेला असतो, त्यामुळे कांडी आता वायूचे तापमान दाखवत नाही. तिला आता भोवतीच्या धातूची ऊब कळते आणि तीच ती डॅशबोर्डला सांगते. हात लावण्याइतके लोखंड निवले की कुणीतरी प्लग उघडून खिडकीपाशी नेतो आणि भिंगाखाली धरतो. त्याच्या पांढऱ्या मातीवर मिठाच्या कणांहून बारीक, चांदीसारखे चकाकणारे ठिपके आहेत का, ते तो पाहत असतो, कारण ते असले तर ते दट्ट्याचे अ‍ॅल्युमिनियम असते. डॅशबोर्डवर 140 दिसत असते. तो प्लग उजेडात किंचित फिरवतो, पुसत नाही, आणि पुन्हा पाहतो.